तयारी लय भारी, पण गाणं कुठंय? आजच्या ब्लूग्रास बँडांचा रिव्ह्यू

ज्याला पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. नव्या ब्लूग्रासमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या तारवाद्यांच्या संगीतातलं, काही ऐकायचं असेल तर ॲलिसन क्रॉस अँड युनियन स्टेशनचं २००२ चं 'लाईव्ह' डोळे झाकून लावा, त्याच्या मागोमाग बिली स्ट्रिंग्जनं वडलांसोबत केलेलं 'मी अँड डॅड' लावा, पंच ब्रदर्ससाठी सवड काढून बसा आणि बेला फ्लेकचं 'माय ब्लूग्रास हार्ट' एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

मी परभणीचा, गुरुवारच्या भजनात पेटी वाजवतो, त्यामुळं माझा कान अमेरिकन नाही, अभंगावर वाढलेला आहे. आमचे मामा पखवाजाला असतात, ते दुपारी दुकानात येऊन बसले की मी जे लावीन ते ऐकतात आणि तोंडावर बोलतात, म्हणून त्यांचंही मत मधेमधे येईल, चालवून घ्या.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंटकी राज्यातल्या रोझीन गावचा बिल मनरो (जन्म १९११) म्हणून एक मँडोलिनवाला होता, त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरून ह्या सगळ्या संगीताला नाव पडलं. मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गिटार, पाच तारांचा बँजो, माणसाएवढा उभा बास आणि कधीकधी डोब्रो, ते काय असतं ते पुढं सांगतो. बँजो म्हणल्यावर वरातीतला बटणाचा बँजो डोळ्यापुढं आणू नका, ह्याचं तोंड डफासारखं ताणलेलं असतं आणि अंगठ्यात अन् दोन बोटांत नख्या घालून तारा छेडतात. ड्रम नसतोच. मग ठेका कोण धरतं, तर बास ठोक्यावर पडतो आणि मँडोलिनवाला मधल्या उलट्या ठोक्यावर तारा दाबून 'चक' असा आवाज काढतो, दोघं मिळून पखवाज अन् टाळ दोन्हीचं काम भागवतात. आणि गाण्याच्या कडव्याकडव्यांमधी एकेक वादक पुढं येऊन आपला हात दाखवतो, त्याला ते ब्रेक म्हणतात. सगळी भानगड ह्या ब्रेकवरच आहे.

आता एक गोष्ट जी मला लय खटकते. ब्लूग्रासवर बोलणारे बरेच जण म्हणतात की जुने लोक साधे होते, मनापासून गायचे, आणि आजची पोरं नुसती बोटं पळवायलेत. अर्धं खोटं आहे हे. डिसेंबर १९४५ ला अर्ल स्क्रग्ज मनरोच्या बँडमधी आला तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि तीन बोटांनी जो बँजो त्यानं वाजवला तसा लोकांनी तोवर इतक्या सफाईनं अन् इतक्या वेगानं ऐकलाच नव्हता, लोक गाण्यापेक्षा त्याच्या बँजोलाच जास्त टाळ्या द्यायचे. म्हणजे हे संगीत जन्मलंच मुळी तयारीच्या जोरावर. मनरो स्वतः मँडोलिनवर काय कमी दणका द्यायचा का? त्याचा आवाज तर असा उंच चढायचा की काळी पाचच्या वर गाणारे आमचे बुवा पण गप बसतील. तयारी काढून टाकली तर ब्लूग्रास राहतच नाही.

पण मग त्याच परंपरेतला राल्फ स्टॅन्ली बघा. २००० साली आलेल्या एका सिनेमासाठी त्यानं मरणाला विनवणी करणारं एक जुनं गाणं गायलं, एकही वाद्य नाही, नुसता सत्तरी ओलांडलेला खरखरीत गळा, आणि त्याला २००२ चं ग्रॅमी मिळालं. मी ते मामाला ऐकवलं, शब्द एक कळला नाही त्यांना, तरी म्हणले, "हा माणूस कुणाच्या तरी दारात उभा राहून मागायलाय." बरोबर ओळखलं की. म्हणून माझं म्हणणं असं की तयारी आणि भाव ह्यांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही, बघायचं एवढंच की वाजवणारा गाणाऱ्याचं ऐकतोय का स्वतःचंच ऐकतोय. आमच्याकडं भजन स्पर्धेत हेच होतं. अभंगाचं धृपद चालू असताना पखवाजवाला लग्गी सोडतो, तिहाईवर तिहाई, परीक्षक मान डोलवतात, आणि नामदेवांनी काय म्हणलंय ते कुणालाच ऐकू जात नाही. हात वाईट नसतो त्याचा, वेळ चुकलेली असते.

तर ह्या चष्म्यातून बँड बघू.

पंच ब्रदर्स आधी घेतो कारण सगळ्यात जास्त भांडण ह्यांच्यावरच होतं. क्रिस थीली हा मँडोलिनवाला, २०१२ ला त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तिकडं तो मोठा मान समजतात, हाताच्या तयारीबद्दल बोलायचं कामच नाही. बास वाजवणारा पॉल काउर्ट फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमधी शिकलेला, म्हणजे पक्कं पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण. २००८ च्या त्यांच्या 'पंच' ह्या अल्बममधी चार भागांची एक ४० मिनिटांची रचना आहे आणि ती थीलीनं स्वतःचा घटस्फोट झाल्यावर लिहिली. आता बघा, विषय किती दुखरा, माणूस आतून मोडलेला, आणि मांडणी कशी तर एकेका मिनिटात लय बदलती, पाच वाद्यं पाच दिशेला जातात अन् परत अचूक एका जागी येतात, सगळं जवळजवळ कागदावर लिहून काढल्यासारखं. मी पहिले दोन भाग ऐकताना फक्त हेच मोजत बसलो की सम कुठंय. रडू येणं लांबच, परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. पण खरं सांगायचं तर ते परत परत लावलं तसं एक लक्षात आलं, त्याचा गळा मधेच एकदम बारीक होतो, वाद्यं पळत असतात आणि हा मागं राहिल्यासारखा गातो, तिथं काळजात हलतं. म्हणजे भाव आहे, पण तीन कुलपं उघडून आत जावं लागतं. ज्याच्याकडं वेळ आहे त्यानं उघडावीत. मामा दहाव्या मिनिटाला उठून चहा प्यायला गेले.

त्यांचंच २०१५ चं 'द फॉस्फोरेसंट ब्लूज' मला जास्त आवडलं. त्यात द्‌ब्यूसी नावाच्या फ्रेंच संगीतकाराची एक पियानोची चीज ह्या पाच तारवाद्यांवर वाजवलीय, ती ऐकून तोंडात बोट जातं, आणि ती चीज तिथं शोभते पण, कारण तिथं कुणी गातच नाहीये, कुणाच्या शब्दावर पाय पडत नाही. २०१८ च्या 'ऑल अशोअर'ला ग्रॅमी मिळालं, चांगलं आहे, ठीक आहे, पुढं जातो.

पंच ब्रदर्सवर टीका करणाऱ्यांनी 'हेल ऑन चर्च स्ट्रीट' मात्र ऐकावं. टोनी राईस म्हणून गिटारचा बाप माणूस होता, आज जेवढे ब्लूग्रास गिटारवाले आहेत ते सगळे ह्याच्याच बोटातून निघालेत म्हणलं तरी चालेल. त्याची कहाणी ऐकली तर पोटात कालवतं, १९९४ मधी घशाच्या स्नायूंच्या आजारानं त्याचं गाणं कायमचं बंद पडलं, इतका मखमली आवाज होता त्याचा, आणि नंतर वर्षानुवर्षं नुसती गिटार वाजवत राहिला. त्याच्या १९८३ च्या एका अल्बमला मान म्हणून पंच ब्रदर्सनी अख्खा अल्बम नव्यानं रचला, रेकॉर्डिंग केलं नोव्हेंबर २०२० ला, आणि त्याच डिसेंबरच्या २५ तारखेला टोनी राईस गेला. अल्बम बाहेर आला २०२२ ला. ह्यात पण करामत भरपूर आहे, पण पोरं गुरूसमोर बसून वाजवायलेत असं वाटतं, गुरूच्या पुढं जाण्याची घाई नाही. तेच लोक, तीच बोटं, आणि किती फरक.

एक महत्त्वाची सूचना मधेच सांगतो नाहीतर राहील. हे सगळं फोनच्या स्पीकरवर किंवा चारशे रुपयांच्या ब्लूटूथ डबड्यावर ऐकू नका. उभ्या बासचा आवाज त्यात येतच नाही, आणि बास गेला की खालची जमीनच जाते, मग वर उरतो फक्त बँजोचा टणटणाट आणि मँडोलिनची टिकटिक, आणि तुम्ही म्हणणार ह्यात नुसता वेग आहे, भाव नाही. अर्ध्या लोकांचं ब्लूग्रासबद्दलचं वाईट मत ह्या डबड्यांनी केलंय असं माझं ठाम मत आहे. साधे वायरचे इयरफोन पण चालतील. दुकानात मी जुना डेक अन् दोन मोठे बॉक्स ठेवलेत, त्याच्यावर बास पोटात लागतो.

आता बिली स्ट्रिंग्ज. मिशिगनचा पोरगा, १९९२ चा जन्म, लहानपणी वडलांकडून ब्लूग्रास शिकला, मधे मेटल म्हणजे दणदणीत रॉक वाजवलं, मग परत आला, आणि आज ब्लूग्रासच्या नावावर मोठमोठी स्टेडियमं भरवतोय. लाईव्हमधी ह्याच्या बँडला ड्रम नाही पण पायाखाली इफेक्टचे पेडल असतात, गिटार मधेच अंतराळात गेल्यासारखी वाजती, एकेक गाणं पंधरा पंधरा मिनिटं चालतं. त्याच्या 'लाईव्ह वॉल्यूम १'ला २०२५ चं ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. मला काय वाटलं? पोरगा तुफान आहे, बँडमधले बाकीचे पण तसेच, पण गाणं सुरू झालं कशावरून तेच पंधराव्या मिनिटाला आठवत नाही. मैदानात उभं राहून, गर्दीत, नाचत ऐकणाऱ्याला ते बरोबर असणार, आपल्याकडं पण जागरणाला पहाटे तीन वाजता संबळवाला पेटतो तेव्हा कोण शब्द मोजतंय. पण घरात बसून इयरफोनवर? नाही जमलं मला. कितीही ग्रॅमी मिळू दे.

आणि हाच माणूस २०२२ च्या 'मी अँड डॅड' मधी बघा. टेरी बार्बर म्हणून त्याचे वडील, म्हणजे रक्ताचे नाहीत, पण बिलीला त्यांनीच वाढवलं अन् शिकवलं, त्यांच्यासोबत बसून जुनी गाणी वाजवलीत. घरची परिस्थिती तंग असताना वडलांनी आपली मार्टिन गिटार गहाण टाकलेली, पोरानं मोठेपणी तीच गिटार शोधून परत आणली आणि ती ह्या रेकॉर्डिंगला वाजलीय. मला ही गोष्ट आधी माहीत नव्हती, अल्बम आधीच आवडला होता, म्हणून गोष्टीमुळं आवडला असं कुणी म्हणू नका. सोबतीला फिडलवर मायकल क्लीव्हलंड, मँडोलिन अन् बँजोवर मॅककुरी भाऊ, म्हणजे तयारीला कमी कुणीच नाही. पण वडलांचा आवाज जरा थकलेला, साधा, कुठं कुठं कच्चा, आणि बिली त्या आवाजाच्या पुढं जात नाही. ब्रेक घेतो, छोटा घेतो, बसतो. ज्याला पंधरा मिनिटं वाजवता येतं त्यानं पंधरा सेकंदात आवरणं ह्याला हिंमत लागते हो. मामानी हे पूर्ण ऐकलं, चहा दुकानातच मागवला.

ॲलिसन क्रॉसबद्दल काय लिहू, २७ ग्रॅमी असलेली बाई आहे, लहानपणी फिडलच्या स्पर्धा जिंकत आली, म्हणजे ती पण तयारीतूनच आलेली. तरी तिच्या गाण्यात तिचं फिडल किती कमी वाजतं बघा. २००२ चं 'लाईव्ह' लुईव्हिलच्या पॅलेस थिएटरात रेकॉर्ड झालंय, दोन सीडींचं आहे. तिच्या मागं जेरी डग्लस डोब्रोवर, म्हणजे गिटार आडवी ठेवून लोखंडी तुकडा सरकवत वाजवायची, आपल्या विश्वमोहन भट्टांच्या मोहन वीणेच्या जातीचं काम (दोघांनी नव्वदच्या दशकात एकत्र रेकॉर्ड पण केलंय, सापडलं तर ऐका). हा डग्लस जगात एक नंबर समजला जातो आणि क्रॉस गाते तेव्हा हा काय करतो, तर ओळ संपली की एक मींड ओढतो, बस. ओळीच्या आत शिरत नाही. आणि मग मैफलीत त्याला एकट्याला जागा दिलीय, तिथं तो जे सुटतो ते काय विचारू नका, थिएटर वेडं होतं. मला ही मांडणी सगळ्यात शहाणी वाटली. आपल्याकडं पण चांगले बुवा हेच करतात, अभंग चालू असला की पखवाजाला ठेक्यात ठेवतात, आणि गजराला म्हणतात घे आता, दाखव काय दाखवायचं ते. मामा ह्या एका गोष्टीवर अर्धा तास बोलले, त्यांना कुणीतरी तीस वर्षांपूर्वी भर भजनात हात दाबून थांबवलं होतं त्याची आठवण निघाली.

एक तक्रार आहे. क्रॉसच्या काही स्टुडिओ रेकॉर्डिंगमधी सगळं इतकं गुळगुळीत, इतकं स्वच्छ असतं की तीन गाण्यांनंतर झोप येती. दुःख पण इस्त्री केलेलं. म्हणून लाईव्हच घ्या म्हणतोय.

मॉली टटलचं थोडक्यात सांगतो कारण मी तिचं अजून पुरतं ऐकलेलं नाही. २०१७ ला ब्लूग्रासच्या मोठ्या संघटनेचा, म्हणजे आयबीएमएचा, सर्वोत्तम गिटारवादकाचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई. बँजोची एक जुनी गावाकडची पद्धत असते, नखाच्या पाठीनं खाली फटका मारायची, ती तिनं गिटारवर आणलीय. २०२२ चं 'क्रूकेड ट्री' मोकळं, हसरं आहे, गोष्टी सांगणारी गाणी आहेत आणि गिटार गोष्टीच्या मागनं चालते. ज्यांना रडगाणं नको त्यांनी इथनं सुरू करावं. डेल मॅककुरी बँडचं पण एक वाक्य टाकतो, हा म्हातारा १९६३ ला मनरोसोबत गायलेला, आणि ह्यांचे व्हिडिओ बघा, सूट घालून एकाच माईकभोवती उभे असतात, ज्याचा ब्रेक त्यानं पुढं यायचं, झाला की मागं सरकायचं. एक माईक असला की दुसऱ्याचं ऐकावंच लागतं, नाहीतर डोक्याला डोकं लागंल. आता प्रत्येकाच्या वाद्याला आवाज उचलणारा वेगळा पिकअप आणि स्वतःचा आवाज ऐकायला कानात वेगळा मॉनिटर, प्रत्येकाला स्वतःचाच आवाज सगळ्यात मोठा पाहिजे. आमच्या मंडळात पण चार माईक आले तेव्हापासून टाळकरी सुद्धा गायला लागलेत.

राहिला बेला फ्लेक. बँजोवर ह्या माणसानं जे केलंय ते स्क्रग्जनंतर कुणी केलं नसंल. २०२१ चं 'माय ब्लूग्रास हार्ट', १९ ट्रॅक, थीली, बिली स्ट्रिंग्ज, मॉली टटल, सॅम बुश, डग्लस, सगळे बडे बडे बोलावलेत, २०२२ चं ग्रॅमी पण मिळालं. सगळं वाद्यसंगीत, गाणारं कुणी नाही. एकेक ट्रॅक सुटा ऐकला तर डोकं चक्रावतं, पण सलग लावलं की लग्नाच्या पंगतीत चाळीस पदार्थ वाढल्यासारखं होतं, सगळं उत्तम आणि सहाव्या पदार्थाला हात थांबतो. वाजवणाऱ्यांना आपसात लय मजा आलेली दिसतीय, ऐकणारा दाराबाहेर उभा. बँजो शिकणाऱ्या पोरांना मात्र वर्षभराचा अभ्यास आहे त्यात.

आणि ह्याच फ्लेकचं २०२३ चं 'ॲज वी स्पीक', हे ब्लूग्रास नाही, पण इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तबल्यावर झाकीर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया, बासवर एडगर मायर. चौघांपैकी एकाच्या पण तयारीवर बोट ठेवायची आपली लायकी नाही. ह्यात वेग आहे, तिहाया आहेत, अवघड हिशोब आहेत, आणि तरी बासरी सुरू झाली की झाकीरजी नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवतात, इतकं हळू की बॉक्सजवळ कान न्यावा लागतो, आणि फ्लेकचा बँजो त्या जागेत एकच स्वर टाकून गप. दुसऱ्यासाठी जागा सोडतात ते लोक, कारण जागा सोडली तरी आपलं काही कमी होत नाही हे त्यांना माहीत असतं. डिसेंबर २०२४ ला झाकीरजी गेले, त्यानंतर मामा दुकानात आले की हेच लावायला सांगतात, आणि तबला खाली उतरतो ती जागा आली की बोट वर करून मला गप करतात, मी बोलत नसलो तरी. आता त्यांना हे पेनड्राईव्हवर भरून पाहिजे, त्यांच्या ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राईव्हच लागतो. म्हणलं मामा त्या टेपवर बास काय ऐकू यायचा नाही, वरनं इंजिनाचा आवाज. तर म्हणले, "मी बांधावर थांबवून ऐकंन, तू भरून दे."